मेथीदाणे रोज किती ग्रॅम द्यायचे? आईसाठी, लवकर सांगा

प्राजक्ता_ठाणे
आईची शुगर २१० आली आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेत डॉ. आर. डी. शर्मा यांनी मेथीदाण्यांवर संशोधन केलं होतं, त्यात रोज १०० ग्रॅम दिल्याचं वाचलं. एवढे दाणे भिजवून द्यायचे की पूड करून? उद्यापासून सुरू करायचंय. ‘डॉक्टरांना विचारा’ एवढंच लिहू नका, त्यांची तारीख पुढच्या महिन्यातली आहे.

कोपरीकर
२१० उपाशीपोटी की जेवणानंतर? एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) किती? वय?

नेरुळची_माई
अगं, मेथी कडू, कोण खाणार रोज? जांभळाच्या बियांची पूड दे, सकाळी चमचाभर कोमट पाण्यातून. आमच्या मामंजींची शुगर त्यानेच उतरली.

रानवारा
माई, गोळ्या चालू होत्या ना त्यांच्या? ब्राझीलमध्ये जांभळाच्या पानांच्या काढ्याची माणसांवर रीतसर चाचणी झाली होती. काही फरक पडला नाही.

नेरुळची_माई
पानं वेगळी, बी वेगळं. आणि गोळ्या आधीपासूनच होत्या, तेव्हा का नाही उतरली?

रानवारा
चालायला कधी लागले?

नेरुळची_माई
त्याच सुमारास. नेरुळच्या ज्वेल बागेत जायचे रोज सकाळी. पण पूड ती पूडच.

घोडबंदरवाला
मेथी ठाण्यात जांभळी नाक्याच्या बाजारातून सुटी, वजनावर घ्या, पाकिटातली जुनी असते. संध्याकाळी मात्र गाडी नेऊ नका, लावायला जागा मिळत नाही.

प्राजक्ता_ठाणे
जेवणानंतरची आहे २१०. एचबीए१सी ८.१, वय ६३. मेथीचं सांगा ना कुणीतरी!

स्मिता_आहार
मी आहारतज्ज्ञ आहे. तुम्ही वाचलेला शोधनिबंध बहुधा १९९० चा. त्यातली १०० ग्रॅम म्हणजे तेल काढून टाकलेली मेथीपूड. ५०-५० ग्रॅम करून दोन्ही वेळच्या जेवणातच मिसळली होती. रुग्ण टाइप १ मधुमेहाचे (शरीरात इन्शुलिन जवळजवळ बनतच नाही असे), प्रयोग फक्त १० दिवसांचा. लघवीतून जाणारी साखर ५४ टक्के कमी झाली, उपाशीपोटीची साखरही उतरली. काम मोलाचं आहे. मेथीतला विरघळणारा तंतू पोटात बुळबुळीत होतो, त्यामुळे जेवणातली साखर रक्तात हळू उतरते. म्हणून ती जेवणाबरोबर हवी. पण तो आकडा घरच्या दाण्यांना जसाच्या तसा लावू नका. गोळ्या कोणत्या आहेत?

प्राजक्ता_ठाणे
नेहमीच्याच. सकाळी एक, रात्री एक.

निसर्गप्रेमी_वाशी
मेथी सुरू केली की गोळ्या हळूहळू सोडा. सगळं केमिकल आहे. आणि भात बंद, ज्वारी चालू.

कोपरीकर
असले सल्ले देऊ नका! मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या गोळीचं मूळच गॅलेगा नावाच्या वनस्पतीत आहे, आणि ती मेथीच्याच शेंगवर्गीय कुळातली. वनस्पती चांगली आणि गोळी वाईट, असं कसं?

स्मिता_आहार
प्राजक्ता, पाकिटावरचं नाव वाचून लिहा. फार महत्त्वाचं आहे.

प्राजक्ता_ठाणे
ग्लिमेपिराइड २ आणि मेटफॉर्मिन ५००, एकत्र. उद्या संकष्टी आहे, पोट रिकामं असतं म्हणून उद्याचाच मुहूर्त धरलाय. लवकर सांगा, रात्रीच भिजवायला हवेत.

स्मिता_आहार
उद्या नको! ग्लिमेपिराइड पोटात अन्न नसलं तरी इन्शुलिन सोडायला लावतं. वर चंद्रोदयापर्यंत उपास आणि मेथी, म्हणजे साखर झपकन खाली येऊ शकते. घाम, थरथर, भोवळ वाटली तर लगेच मोजा. ७० च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून द्या, १५ मिनिटांनी परत मोजा. उद्याची गोळी कधी, किती, हे डॉक्टरांना आजच फोन करून विचारा, तारखेची वाट बघू नका. मेथीला ते हो म्हणाले तर चमचाभर पूड भाकरीच्या पिठात मिसळून सुरुवात करा. रक्त पातळ करायची गोळी असेल तर तेही सांगा.

नेरुळची_माई
उपासच कशाला करायचा ६३ व्या वर्षी? बाप्पा काही रागावत नाही.

प्राजक्ता_ठाणे
दवाखान्यात फोन लावला. उद्या सकाळची गोळी देऊ नका, दिवसभर साखर मोजत राहा म्हणाले. मेथीचं शनिवारी बोलावून सांगणार आहेत. आई उपास सोडायला तयार नाही, पण दुपारी भगर खाईन म्हणाली. स्मिताताई, भगर किती देऊ?

घोडबंदरवाला
भगर पण जांभळी नाक्यावरच घ्या.