मदत हवी आहे: टोळ माशाची हिरवी हाडं हिरवीच कशी ठेवायची?

नमस्कार मंडळी. नागपुरात प्राणीशास्त्राच्या प्रात्यक्षिकासाठी टोळ माशाचे (खाडीतला लांब चोचीचा मासा) दोन नमुने करायचे आहेत, एक अख्खा आणि एक सांगाडा. मासे कोकणातून बर्फात आलेत.

ओळख पक्की आहे, शास्त्रीय नाव: स्ट्राँगीलुरा स्ट्राँगीलुरा. शेपटीच्या मुळाशी गोल काळा ठिपका, पाठीवरच्या पंखात १४ काड्या, गुदद्वारामागच्या पंखात १६. शेपूट दुभंगलेलं नाही. आपल्या नदीतला चोचवाला झेनेंटोडॉन खाडीच्या टोळापेक्षा वेगळा, कृपया दोघांची गल्लत नको.

अख्ख्या माशाचं जमतंय. बाजारातलं फॉर्मलीन १ भाग, पाणी ९ भाग, लिटरला चमचाभर बोरॅक्स, नाहीतर फॉर्मलीनमधल्या आम्लामुळे हाडं मऊ पडतात. पोटात सुईने तेच द्रावण सोडायचं. मासा आधी थर्माकोलवर सरळ टाचायचा, कारण एकदा वाकडा कडक झाला की सरळ करताना चोचच मोडते. खालचा जबडा वरच्यापेक्षा थोडा पुढे असतो, तेच टोक पहिलं जातं.

अडलंय सांगाड्यावर. हिरवा रंग बिलिव्हर्डिन या पित्तरंगाचा. मासा खराब झालाय म्हणून नव्हे. हायड्रोजन पेरॉक्साइड लावलं की तो उडतो, म्हणून ते बादच. पण मग मणक्यांतली चरबी काढायची कशाने? ॲसिटोनने रंग उतरतो का? उन्हाळ्यात ४५ अंशांत चरबी पाझरून हाडं पिवळी पडतील, ही खरी धास्ती आहे.

ज्यांनी हा सांगाडा प्रत्यक्ष केलाय, त्यांनी द्रावण आणि दिवस दोन्ही नेमके सांगा.