होम डिरेक्टरीतल्या फक्त लपलेल्या फायलींची यादी कशी काढायची?

लिनक्स वापरते, शेल (कमांड चालवणारा प्रोग्रॅम) बॅश. होममध्ये (माझ्या स्वतःच्या मुख्य फोल्डरात) ‘डीयू -एसएच .’ ही जागा मोजणारी कमांड चालवली की एकूण ४१ जीबी दिसतात. टिंबाऐवजी स्टार देऊन आलेले आकडे जोडले तर बेरीज जेमतेम १२ जीबी. स्टारमध्ये टिंबाने सुरू होणारी नावं येत नाहीत, म्हणजे बाकीचे २९ जीबी लपलेल्या फोल्डरांतच असणार.

यादी दाखवणाऱ्या ‘एलएस -ए’ने सगळंच दिसतं, पण मला फक्त लपलेलं वेगळं हवंय. म्हणून ‘एलएस .*’ दिलं, तर शेकडो ओळी धावत गेल्या आणि मधेच याच मशीनवरच्या दुसऱ्या युजरांची नावं आली! ती माझ्या होममध्ये नाहीतच. माझ्या हातून काही बिघडलं का? डिस्क ९६ टक्के भरलीय, जागा करायचीच आहे. पण एसएसएचच्या किल्ल्याही अशाच लपलेल्या फोल्डरात आहेत, त्या उडाल्या तर सर्व्हरवर जाता येणार नाही. यादी नीट बघितल्याशिवाय कशालाच हात लावणार नाही.

उत्तर १:
काही बिघडलेलं नाही, एलएस फक्त वाचते. एक टिंब म्हणजे चालू डिरेक्टरी, दोन टिंबं म्हणजे तिच्या वरची. ‘.*’मध्ये ही दोन्ही बसतात. शिवाय एलएसला डिरेक्टरीचं नाव दिलं की ती आतला माल दाखवते. तुमच्या वरच्या डिरेक्टरीत सगळ्यांची होम आहेत, म्हणून ती नावं आली. बॅश ५.२ पासून ही दोन नावं आपोआप वगळली जातात, तुमचं त्याआधीचं दिसतंय.

‘एलएस -डी .[!.]*’ द्या. ‘-डी’मुळे आत न शिरता नुसती नावं येतात आणि कंसामुळे दुसरं अक्षर टिंब असलेलं गळतं. कुणी किती जागा खाल्ली ते बघायला ‘डीयू -एसएच .[!.]* | सॉर्ट -एच’, सगळ्यात मोठं तळाला दिसेल.

आणि कळकळीने सांगतो, जुन्या बॅशवर मालक बदलणाऱ्या ‘सीएचओडब्ल्यूएन -आर’पुढे ‘.*’ कधीही देऊ नका, रूट (सगळे अधिकार असलेला युजर) असताना तर नाहीच. ती दोन टिंबांवरून वर चढते आणि शेजारच्यांच्या फायलींचा मालक बदलून टाकते.

मूळ प्रश्नकर्ती:
मिळालं! तळाला ‘.कॅशे’, एकटं २३ जीबी. ते उडवलं तर चालेल ना?

उत्तर १:
चालेल, प्रोग्रॅम लागेल ते पुन्हा बनवतात. आधी ब्राउझर बंद करा. ‘.कॉन्फिग’ आणि ‘.लोकल’ मात्र तसेच राहू द्या, तुमची सेटिंग्ज आणि डेटा तिथे असतो.