सल्ला हवा आहे: मोठ्या वर्गांतल्या मुलांना करिअर मार्गदर्शन नेमकं कसं करावं?

खडूफळा:
नमस्कार मंडळी. आमच्या शाळेत नववी ते बारावीच्या करिअर मार्गदर्शनाचं काम यंदा माझ्याकडे आलंय. मी विषयशिक्षिका, समुपदेशनाचं रीतसर शिक्षण घेतलेलं नाही. आतापर्यंत वर्षातून एक व्याख्यान आणि एक कलचाचणी, एवढंच व्हायचं. व्याख्यानाला सगळे वर्ग सभागृहात एकत्र. चाचणीचा अहवाल बंद पाकिटातून घरी जातो आणि त्यावर पुन्हा कुणी चकार शब्द काढत नाही.

"पुढे काय करायचंय?" असं विचारलं की उत्तरं ठरलेली: डॉक्टर, इंजिनिअर, शिक्षक, खेळाडू. जी मुलं गप्प बसतात त्यांची मला जास्त काळजी वाटते. आठवड्याला एक तास हाती आहे, मुख्याध्यापकांचा पाठिंबाही आहे. कोणती चाचणी घ्यावी? कुणाला बोलवावं? पालकांचं काय करावं? सविस्तर लिहिलंत तर फार बरं होईल.

होकायंत्र:
खडूफळाताई, ठरलेली उत्तरं फक्त तुमच्याच वर्गात येत नाहीत. 2018 च्या पिसा या आंतरराष्ट्रीय शालेय पाहणीत पंधरा वर्षांच्या मुलांना हाच प्रश्न विचारला होता. 41 देशांत मिळून 47 टक्के मुलगे आणि 53 टक्के मुली तिशीपर्यंत अवघ्या दहा लोकप्रिय व्यवसायांपैकी एकात असू असं म्हणत होते. जेवढं पाहिलंय तेवढ्यातूनच मूल निवडणार.

आता चाचणी. मी समुपदेशक आहे, चाचण्या वापरते, तरीही सांगते की सगळी भिस्त तिच्यावर ठेवू नका. आधी आवड मोजायची की कुवत, हे स्पष्ट असू द्या. बरेच अहवाल दोन्हींची सरमिसळ करतात आणि "तुम्ही अमुक क्षेत्रासाठी योग्य" असा शिक्का मारून मोकळे होतात. आवडीसाठी जॉन हॉलंड या मानसशास्त्रज्ञांच्या सहा प्रकारांवर बेतलेली प्रश्नावली चांगली: हातांनी काम करणारे, शोध घेणारे, कलात्मक, लोकांना मदत करण्यात रमणारे, पुढाकार घेऊन व्यवहार करणारे, आणि नोंदी-हिशेब नेटके ठेवणारे. अमेरिकी श्रम खात्याची ओ-नेट इंटरेस्ट प्रोफायलर ही अशी प्रश्नावली फुकट मिळते. छोट्या आवृत्तीत 60 कामं दिलेली असतात, प्रत्येक काम करायला किती आवडेल एवढंच सांगायचं. तिथले पगार आणि पात्रता त्या देशापुरत्या, ते सोडून द्या.

अहवाल "अगदी माझ्यासारखाच" वाटला म्हणून खरा धरू नये. 1948 मध्ये बर्ट्रम फोरर या मानसशास्त्रज्ञांनी आपल्या विद्यार्थ्यांची चाचणी घेतली आणि प्रत्येकाच्या हातात एकच वर्णन ठेवलं. मुलांनी ते किती अचूक आहे याला पाचपैकी सरासरी 4.26 गुण दिले! म्हणून मी मुलांना अहवालाशी भांडायला लावते. "यातलं कुठलं वाक्य तुला पटत नाही?" एका मुलीला 'लोकांत रमणारी' असं आलं होतं. ती म्हणाली, "मला लहान मुलांना शिकवायला आवडतं, पण अनोळखी माणसांशी बोलायचं म्हटलं की पोटात गोळा येतो." पुढचं सगळं बोलणं या एका वाक्यावर झालं. चाचणीचा उपयोग मला एवढाच दिसतो, पण तो मोठा आहे.

बॉस्टनमध्ये 1908 साली फ्रँक पार्सन्स यांनी व्यवसाय-मार्गदर्शनाचं केंद्र काढलं, तेव्हापासून या कामाचे तीन भाग मानतात: स्वतःची ओळख, कामांची ओळख, आणि दोन्हींची सांगड. शाळा पहिल्या भागाची चाचणी घेतात आणि तिथेच थांबतात.

रानवाट:
होकायंत्र यांच्याशी सहमत. मुलाचा अहवाल आला तेव्हा आम्हालाही तो वाचून दाखवणारं कुणी नव्हतं. वाचतोय.

लोहचुंबक:
मी शाळेत माणसं आणण्याचं काम बरीच वर्षं करतोय, म्हणून "कुणाला बोलवावं" याबद्दल लिहितो.

मोठा वक्ता नको. काम करणारा माणूस हवा, आणि शक्यतो त्या कामाला लागून फार वर्षं न झालेला. यशाच्या गोष्टी ऐकून मुलं टाळ्या वाजवतात आणि घरी जातात. त्यांना हवं असतं ते वेगळंच: सकाळी गेल्यावर आधी काय करता? चूक झाली तर कुणाला सांगता? सुट्टी कधी? शिकताना किती वर्षं आणि किती पैसे गेले? हे प्रश्न आदल्या तासाला मुलांकडूनच लिहून घ्या. एका पाहुण्यासमोर आठ-दहा मुलं, गोल करून बसलेली. भाषण नाही. पाहुण्याला एकच विनंती करायची, रोज हाताळता ती एखादी वस्तू सोबत आणा.

रक्त तपासणाऱ्या प्रयोगशाळेतल्या एक तंत्रज्ञ बाई आमच्याकडे आल्या होत्या. त्यांनी टेबलावर रिकाम्या नळ्या मांडल्या. जांभळं झाकण रक्तपेशी मोजायला, राखाडी साखरेसाठी, फिकट निळं रक्त गोठण्याच्या तपासणीला. एका मुलाने विचारलं, झाकणं वेगळी कशाला, काच तर सारखीच आहे? त्या म्हणाल्या, आत वेगवेगळं रसायन असतं. जांभळ्या नळीतलं इडीटीए रक्तातलं कॅल्शियम धरून ठेवतं म्हणून रक्त गोठत नाही. चुकीच्या नळीत रक्त घेतलं तर रुग्णाला पुन्हा सुई टोचावी लागते. रसायनशास्त्राचे सर मागे उभे होते, पुढच्या तासाला त्यांनी तिथूनच धडा सुरू केला. 'डॉक्टर' एवढंच माहीत असलेल्या मुलांना त्या दिवशी दवाखान्यातलं आणखी एक दार दिसलं.

इंग्लंडमध्ये 2014 साली जॉन होल्मन यांच्या अहवालातून शाळांसाठी आठ निकष पुढे आले, ते गॅट्सबी निकष म्हणून ओळखले जातात. त्यांत वर्गातला विषय कामाशी जोडणं हा स्वतंत्र निकष आहे. काम करणाऱ्यांशी दर वर्षी किमान एक अर्थपूर्ण भेट, सोळाव्या वर्षापर्यंत कामाच्या जागेचा एक तरी अनुभव, आणि सोळापर्यंत एकदा व अठरापर्यंत पुन्हा एकदा प्रशिक्षित माणसाशी एकट्याने बोलणं, हेही त्यात आहे. आठही एकदम धरू नका. माझ्या मते पहिल्या वर्षी भेटी आणि विषयशिक्षकांची साथ एवढं जमलं तरी पुष्कळ.

कामाच्या जागी पाठवताना मात्र एक बघा. मुलांना नुसतं फिरवून आणू नका. दिवसभर एका माणसाशेजारी बसू द्या, कंटाळवाणा भागही दिसू द्या. "हे मला जमणार नाही" असं कळून मूल परत आलं तरी तो दिवस कामी आला.

ओसरी:
पालक म्हणून लिहिते. आम्हाला सभेला बोलावता तेव्हा मुलांना बाहेर का ठेवता? माझ्या मुलीच्या शाळेत एकदा दोघांना समोरासमोर बसवलं आणि आम्हा पालकांना आमच्याच कामाबद्दल मुलांच्या प्रश्नांची उत्तरं द्यायला सांगितली. मी दिवसभर नेमकं काय करते हे मुलीला माहीतच नव्हतं.

दुसरी गोष्ट मुलींची. लिंडा गॉटफ्रेडसन या मानसशास्त्रज्ञ बाईंनी 1981 मध्ये मांडलं होतं की मुलं फार लहानपणी "हे बायकांचं, हे पुरुषांचं" म्हणून कामं वगळतात आणि मग प्रतिष्ठेवरून आणखी वगळतात. म्हणजे नववीत तुम्ही विचारता तोवर यादी घरीच छाटून झालेली असते. पाहुण्यांत वायरिंग करणारी बाई आणि नर्स असलेला पुरुष जरूर असू द्या. मात्र त्यांना 'वेगळं धाडस' म्हणून मिरवू नका, कामाबद्दलच बोलू द्या.

चकवा:
थोडं वेगळं मत. चौदा-पंधराव्या वर्षी ठरवायलाच हवं असा दबाव आपणच आणतो. करिअर समुपदेशनाचे अभ्यासक जॉन क्रुम्बोल्ट्झ आणि सहकाऱ्यांनी 1999 मध्ये नियोजित योगायोगाची कल्पना मांडली: कुतूहल, चिकाटी, लवचीकपणा, आशावाद आणि जोखीम घेण्याची तयारी असली की अचानक आलेल्या संधीचं सोनं करता येतं. "अजून ठरलं नाही" हे उत्तर वहीत मानाने लिहू द्या. फक्त कुठला विषय सोडल्यावर कुठली दारं कायमची बंद होतात, ते वेळेत सांगा. तिथे मोघम राहून चालत नाही.

आणि "सर्वांत वेगाने वाढणारे व्यवसाय" असल्या याद्या भिंतीवर लावताना जपून. हजार माणसांचा व्यवसाय निम्म्याने वाढला तर पाचशे जागा निघतात. दहा लाखांच्या व्यवसायात एक टक्का वाढ झाली तरी दहा हजार, शिवाय निवृत्त होणाऱ्यांच्या जागा वेगळ्या. हे गणित मुलांनाच करायला द्या.

खडूफळा:
सगळ्यांचे मनापासून आभार. चाचणी एकच, फुकटची, आणि तीही पाहुणे येऊन गेल्यावर घेईन. पहिल्या भेटी रसायन आणि भूगोलाच्या शिक्षकांसोबत ठरवतेय. होकायंत्र, एक राहिलं. एकट्याने बोलायला बसवलं की काही मुलं "माहीत नाही" याच्यापुढे जातच नाहीत. त्यांचं काय करता?

होकायंत्र:
भविष्याबद्दल विचारूच नका. "घरी काय बिघडलं की तुला हाक मारतात?" असं विचारते मी. कुणी सांगतं मोबाइल, कुणी सांगतं आजीच्या गोळ्यांच्या वेळा, कुणी लहान भावाचं रडणं. मग "ते कसं करतोस, सांग" म्हणायचं आणि थांबायचं. मधली शांतता आपण भरायची नाही. समोरासमोर बसण्यापेक्षा एखादं काम करत शेजारी बसलात तर जास्त बोलतात. मूल जे बोललं ते त्याच्याच शब्दांत टिपून ठेवा, त्याला वाचून दाखवा, आणि त्याची परवानगी असेल तर पुढच्या वर्षीच्या शिक्षकाला द्या. नाहीतर दर वर्षी नवा माणूस येऊन तेच विचारतो आणि मूल पुन्हा "माहीत नाही"वर येतं.