कुर्ट वाइल आणि फ्रेंच शांसों: मैफलीतली रूपं ऐकायची आहेत, सुरुवात कुठून करू?

सांजवेळ:
नमस्कार मंडळी. पु. लं.च्या 'तीन पैशाचा तमाशा'चं मूळ शोधत जर्मन नाटककार ब्रेश्टच्या १९२८च्या नाटकापर्यंत पोचले आणि तेव्हापासून त्याचा संगीतकार कुर्ट वाइल याच्या चालींनी झपाटलंय. नाटकवाल्यांच्या आवाजात बरंच ऐकून झालं. आता ऑपेरा गाणाऱ्या बायका हीच गाणी साध्या पियानोच्या साथीवर कशा गातात ते ऐकायचंय, जमल्यास एदित पियाफ, जाक ब्रेल या गायकांच्या परंपरेतली फ्रेंच गाणीही, म्हणजे शांसों. परवा एक रेकॉर्डिंग लावलं, तर आवाज इतका मोठा की गाण्यातली बाई कुठे दिसेचना. शब्द जपणारं कुणी सुचवा ना. मला जर्मन-फ्रेंच येत नाही.

खर्ज:
ऑपेरा गायिका तेरेसा स्ट्राटास, 'द अननोन कुर्ट वाइल', १९८१. डोळे झाकून घ्या. वाइलच्या पत्नीने, नाटकांतून गाणाऱ्या लोटे लेनियाने, जवळ जपलेली अप्रकाशित गाणी स्ट्राटासच्या हवाली केली होती, त्यांतून हा संग्रह झाला. साथीला फक्त पियानो.

तुम्हाला नाटकाची गाणी आणि फ्रेंच शांसों दोन्ही हवीत, त्यांचा सांधा इथेच आहे. नाझी सत्तेवर आल्यावर १९३३मध्ये वाइल बर्लिन सोडून पॅरिसला गेला. तिथे त्याने मोरिस माग्रच्या कवितांना चाली दिल्या. त्यातलं सेन नदीचं गाणं आधी ऐका. नदीच्या तळाशी सोनं आहे, बुडालेल्या नावा आहेत, मेलेली माणसं आहेत, आसवं आहेत, अशी यादी चालू राहते आणि खाली पियानोची चाल संथ, जड पावलांची. स्ट्राटास यादी वाचल्यासारखीच गाते, म्हणून अंगावर येतं. मग 'यूकाली' ऐका, १९३४च्या 'मारी गालांत' नाटकातली टँगोची धून. शब्द तिला नंतर मिळाले.

भाषा येत नसली तरी अडत नाही, पण पहिल्यांदा भाषांतर समोर ठेवून ऐका. मी 'सुराबाया-जॉनी' (नाटक 'हॅपी एंड', १९२९) चार वेळा नुसतंच ऐकलं होतं. अर्थ वाचला तेव्हा कळलं, ती म्हणते मला तुझी चीड येते, तोंडातला तो पाइप काढ, कुत्र्या, आणि लगेच पुढे म्हणते, माझं तुझ्यावर किती प्रेम आहे! या वळणावर आवाज कसा बदलतो तिथे गाणाऱ्याची परीक्षा. लेनियाचं आणि एखाद्या ऑपेरा गायिकेचं पाठोपाठ लावून बघा. आपल्याकडे नाट्यपद रंगमंचावरून बैठकीत आलं की ताना वाढतात आणि नाटकातला प्रसंग मागे पडतो, तीच जोखीम इथेही आहे.

वळीव:
फ्रेंचसाठी ऑपेरा गायिका आने सोफी फॉन ऑटर, 'दूस फ्रांस', २०१३. दोन सीडी. एकीवर मेलोदी, म्हणजे कवितांवरची अभिजात गाणी, आणि दुसरीवर शांसों. एकाच गळ्यात दोन्ही ऐकायला मिळतात. तिचं वाइलचं 'स्पीक लो' (१९९४) सुंदर आहे, पण साथ बऱ्याच ठिकाणी वाद्यवृंदाची, तेव्हा नंतर घ्या.

ब्रेलच्या बाबतीत मी हट्टी आहे. १९५९चं 'न म किते पा' (मला सोडून जाऊ नकोस) आधी त्याच्याच आवाजात. पाऊस न पडणाऱ्या देशांतून तुझ्यासाठी पावसाचे मोती आणीन, असं तो विनवत असतो. ते गोड करून गाणारे पुष्कळ भेटतील. त्यांच्याकडे नंतरच जा.

सांजवेळ:
खर्ज, सेनचं गाणं आत्ताच ऐकलं. आसवांपाशी आवाज चढेल असं वाटलं होतं, तो उलट खाली गेला. उद्या भाषांतर शोधून पुन्हा लावते. वळीव, ब्रेल रविवारी.