दुसऱ्या फॅकल्टीतले दोस्त : तुमचे अनुभव लिहा

कलिनाकर (धागाकर्ता)

मंडळी, लेक यंदा एफवाय बीकॉमला गेली. नवीन शैक्षणिक धोरणामुळे (ते २०२० चं, आपल्या मुंबई विद्यापीठाच्या कॉलेजांत २०२४-२५ पासून आलं) तिला ओपन इलेक्टिव्ह म्हणून आपल्या फॅकल्टीबाहेरचा एक विषय घ्यावा लागलाय. मी खूष, म्हटलं चला चार वेगळी पोरं भेटतील. तर म्हणते कसली भेटतायत बाबा, बीएस्सीवाले खिडकीकडे आणि आम्ही दाराकडे, तास संपला की आपापल्या कट्ट्यावर.

मग मला माझं आठवलं. ९७-९८ ला मी कलिन्याला, विद्यापीठाच्या आवारात, एमए करत होतो, इतिहास, आणि मोडी लिपी शिकलेलो. कुर्ल्याहून बसने येताना रोज एक लॉचा मुलगा शेजारी असायचा, सहा महिने नुसतं "सरका जरा" एवढंच बोलणं. एकदा माझ्या मांडीवर मोडीचा कित्ता बघून म्हणाला हे तुला वाचता येतं? दुसऱ्या दिवशी पिशवीत गुंडाळून आजोबांचे कागद घेऊन आला, गावच्या जमिनीचा भाऊबंदकीतला दावा, आणि घरात कोणालाच ते वाचता येत नव्हते. कँटीनच्या टेबलावर पसरून बसलो. तो "रा॥" ला आडनाव समजत होता, मी सांगितलं अरे राजश्री ते. आणि शके १८१२ बघून गोंधळला तेव्हा ७८ मिळव म्हटलं, १८९० निघाले. बदल्यात त्याने मला सातबारा आणि फेरफार कसा वाचायचा ते शिकवलं, जे एमएच्या दोन वर्षांत कोणी शिकवलं नव्हतं आणि पुढे आमच्याच घरच्या वाटणीत मला जन्माचं उपयोगी पडलं. दाव्याचं काय झालं विचारू नका, अजून चालू आहे :)

तर लिहा. कोण भेटलं, कशावरून भेटलं, काय जमलं. फसलेलंही लिहा.

चुनाभट्टीची

मस्त धागा काका! माझं एमएस्सी केमिस्ट्री. प्रोजेक्ट मिठी नदीचं पाणी. विहार आणि पवई तलावांच्या सांडव्यापासून माहीमच्या खाडीपर्यंत चार ठिकाणचे नमुने घ्यायचे होते. रूममेट सोशिऑलॉजीची, ती कुर्ल्याच्या वस्तीत २६ जुलैच्या पुरावर (२००५) लोकांशी बोलत होती. त्या दिवशी सांताक्रूझला ९४४ मिमी पडला होता हे मला पाठ, पण पाणी घरात शिरताना आधी संडासातून वर आलं हे मला तिच्याकडून कळलं.

एकदा ती माझ्यासोबत आली. पाण्यातला ऑक्सिजन मोजायचा तर तो नमुन्यात तिथल्या तिथे बांधून ठेवावा लागतो, म्हणजे बाटलीत मँगनीज सल्फेट आणि मग अल्कलीवालं आयोडाइड टाकायचं, ऑक्सिजन असेल तर तपकिरी साका बसतो, नसेल तर पांढरा. वरच्या बाजूला तपकिरी आला, कुर्ल्याला दुधासारखा पांढरा. ती बघतच राहिली, म्हणाली हे मी वस्तीत दाखवू का? दाखवलं. तर एक आजी म्हणाल्या पोरी तू सकाळी अकराला येतेस, रात्री ये, रंग बघ पाण्याचा.

माझी वर्षभराची सगळी सँपलं सकाळी अकराची!! सरांना जाऊन सांगितलं, मग दिवसाच्या दोन वेळा ठरवून रात्री दहाचेही नमुने घेतले (भाऊ बरोबर होता, घाबरू नका) आणि आकडे पार वेगळे आले. हे मला कुठल्या पुस्तकात मिळणार होतं.

गंमत नंतर झाली. दोघींनी मिळून आविष्कारला (विद्यापीठांची संशोधन स्पर्धा) द्यायचं ठरवलं तर तिथे सहा गट, ह्युमॅनिटीज वेगळं, प्युअर सायन्स वेगळं, आम्ही दोन दिवस फॉर्म हातात घेऊन भांडलो की कुठे टाकायचं. शेवटी नाणं उडवलं.

पीएसएमवाली डॉक्टर

आमच्याकडे असंच पण उलटं. मी एका सरकारी मेडिकल कॉलेजात कम्युनिटी मेडिसिनला (तेच पीएसएम, म्हणजे समाजाच्या आरोग्याचा विषय) होते, थीसिसची प्रश्नावली मराठीत हवी होती आणि संमतीपत्र पण, पेशंटला कळेल अशा भाषेत नसेल तर एथिक्स कमिटी पुढे जाऊच देत नाही. मी स्वतःच बसून भाषांतर केलं, मराठी मीडियमची आहे ना, अंगात माज. मानखुर्दला पहिल्याच बाईंना विचारलं "गेल्या दोन आठवड्यांत आपली अभिरुची कमी झाली आहे काय?" त्या म्हणाल्या अभिरुची कोण? आमच्या चाळीत नाय कोणी त्या नावाची.

मावसभावाची मैत्रीण मराठीत एमए करत होती, तिला शरण गेले. तिने लाल पेनने अर्धा कागद रंगवला. म्हणाली तू हे कोणाशी बोलतेस, शिक्षणाधिकाऱ्याशी? मग दोन दुपारी ती माझ्यासोबत हेल्थपोस्टच्या बाकावर नुसती बसून बायका काय बोलतात ते ऐकत होती, आणि "कशातच जीव रमत नाही असं होतं का" हे वाक्य तिथून उचललं. नंतर तिसऱ्याच एकीकडून ते परत इंग्रजीत करून घेतलं, मूळ न दाखवता, अर्थ जुळतो का बघायला. पद्धत आमची, कान तिचा. थीसिसच्या आभारात तिचं नाव गाइडच्या खालोखाल आहे, गाइडना ते फारसं आवडलं नव्हतं.

विरारलोकल

मी फसलेलं लिहिते. टीवायबीकॉमला असताना एका हॅकेथॉनमध्ये (ॲप वगैरे बनवायची स्पर्धा) इंजिनिअरिंगच्या मुलांनी टीममध्ये घेतलं, नियम होता की टीममध्ये एक तरी मुलगी पाहिजे. मी तीन रात्री बसून बचत गटाच्या बायका हिशोब कसा ठेवतात, वही कोण लिहितं, हप्ता चुकला तर काय करतात हे सगळं काढून नेलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले छान, तू पीपीटी कर. ॲपमध्ये वहीचा पत्ताच नव्हता. परीक्षकांनी पहिलाच प्रश्न विचारला की ज्या बाईकडे स्मार्टफोन नाही तिची एंट्री कोण करणार, आणि पाचही जण माझ्याकडे बघायला लागले. मी पण बघत राहिले मग.

वर्कशॉप पँट

@विरारलोकल, ताई आम्ही पण असलं केलंय, लाज वाटते. आम्हाला कोणी सांगतच नाही की समोरच्याचं पण शास्त्र असतं, आम्हाला वाटतं कोडिंग सोडून बाकी सगळं डेकोरेशन.

मी सुधारलो ते एकांकिकेमुळे. आर्ट्सच्या ग्रुपला फिरता सेट हवा होता म्हणून मला पकडून नेलं, मी ऐटीत मोटर-बिटर लावून दिली. दिग्दर्शिका म्हणाली आवाज ऐक, नायिका रडतेय आणि मागे मिक्सर चालू आहे. मोटर काढली, चाकं बसवली, दोन पोरं अंधारात ढकलायची. माझं इंजिनिअरिंग तिथे कमी करण्यात होतं.

बदलापूर ७:०३

सगळं गोड आहे, पण जमवायचं कधी ते सांगा. आर्ट्स-कॉमर्सचं कॉलेज सकाळी सातला सुरू होऊन बाराला सुटतं, इंजिनिअरिंगवाला नऊ ते पाच लॅबमध्ये, त्यात पंचाहत्तर टक्के हजेरी, त्यात आमच्यासारख्यांचे तीन तास ट्रेनमध्ये. मुलं एकमेकांशी बोलत नाहीत असं म्हणू नका, ती एका वेळी एका जागी नसतातच. माझी दुसऱ्या फॅकल्टीची एकुलती एक ओळख एनएसएसच्या (राष्ट्रीय सेवा योजना) सात दिवसांच्या कँपात झाली, कारण तिथे पळून जायला लोकल नव्हती. भाकऱ्या थापायला एक बीएस्सीचा आणि एक बीएमएसवाली, अजून ग्रुप चालू आहे आमचा.

चुनाभट्टीची

हे खरंय. आम्ही एका रूमवर होतो म्हणून जमलं.

फर्स्ट इयर पण मनाने म्हातारा

काका, मी बीएस्सी आयटी. मोडीचं वाचून राहवलं नाही. फोनने फोटो काढला की मोडी अक्षर ओळखेल असं काहीतरी करायचंय सेमिस्टर प्रोजेक्टला, पण मला एक अक्षर येत नाही आणि सरळ वाचून देणारं कोणी ओळखीत नाही. नमुने किती लागतील ते पण माहीत नाही, भरपूर लागतील. तुम्ही वेळ द्याल का?

कलिनाकर

देणार की. पण आधीच सांगतो, एकाच अक्षराची दहा वळणं असतात, लिहिणारा हात उचलतच नाही, शब्द कुठे संपला ते आपण ठरवायचं. तुझ्या फोनला घाम फुटेल. तू पण ॲप करून मोकळा नको होऊस, आधी महिनाभर कित्ता गिरव, विरारलोकल काय म्हणतेय वाचलंस ना.

शनिवारी दुपारी साडेबाराला कलिन्याच्या जवाहरलाल नेहरू लायब्ररीच्या दारात ये, चांगलं भिंग असेल तर आण. त्या वकिलालाही फोन केलाय, आजोबांच्या कागदांच्या झेरॉक्स घेऊन येतो म्हणाला. लेकीलाही आणतोय, नको म्हणत होती, वडापाव म्हटल्यावर तयार झाली.