अल्बर्ट जॅकाला दुसरा व्हिक्टोरिया क्रॉस नाकारला गेला का?

उंबरठा:
अल्बर्ट जॅका हे नाव आपल्याकडे फारसं कुणाच्या कानावर नसतं, म्हणून आधी थोडक्यात सांगतो. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यातला मुलगा, जन्म १८९३ चा. वेडरबर्न गावात वाढला, जंगल खात्यात मजुरी करायचा. सप्टेंबर १९१४ मध्ये १४ व्या बटालियनमध्ये भरती झाला.

१९ मे १९१५ ला तुर्कस्तानातल्या गॅलिपोलीत कोर्टनीज पोस्ट या ठाण्यावर तुर्कांनी खंदकाचा एक तुकडा ताब्यात घेतला. खंदक नागमोडी असतो, वळणापलीकडे कोण बसलंय ते दिसत नाही, आणि डोकं पुढे काढलं की गोळी. सोबत्यांनी एका टोकाकडून दोन बॉम्ब टाकून तुर्कांना तिकडे गुंतवलं. तेवढ्यात जॅका वळसा घालून दुसऱ्या बाजूने गेला आणि एकट्याने आत उडी टाकली. पाच जण गोळीने, दोघं संगिनीने, बाकीचे पळाले. पहिल्या महायुद्धात ऑस्ट्रेलियन फौजेला मिळालेला हा पहिला व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिश साम्राज्यातलं शौर्याचं सर्वोच्च पदक. तेव्हा तो साधा लान्स कॉर्पोरल होता.

माझा मुद्दा पुढचा आहे. ७ ऑगस्ट १९१६, फ्रान्समधलं पोझिएर. आता तो सेकंड लेफ्टनंट. पहाटे जर्मनांचा हल्ला आला आणि जॅकाच्या भुयारावरून पुढे सरकला. दोघा जर्मनांनी दारातून आत बॉम्ब सोडला, त्यात त्याची दोन माणसं गेली. धुरातून तो वर आला तर समोर चाळीसेक ऑस्ट्रेलियन शिपायांना कैद करून जर्मन त्यांना गोळा करत होते. जॅकाकडे उभे राहू शकणारे सात जण. त्या सातांना घेऊन तो थेट त्या गर्दीत घुसला. ते पाहून कैदीही पकडणाऱ्यांवर उलटले. पन्नास जर्मन पकडले गेले, गेलेली फळी परत मिळाली. जॅका इतका जखमी होता की महिन्याभराने लंडनच्या पेपरांत तो मेल्याची बातमी आली.

ऑस्ट्रेलियाचे अधिकृत युद्धइतिहासकार चार्ल्स बीन यांनी एकट्या माणसाच्या धाडसाचं त्या फौजेच्या इतिहासातलं सर्वांत थरारक आणि सर्वांत परिणामकारक कृत्य म्हणून याची नोंद केली. आणि मिळालं काय? मिलिटरी क्रॉस, म्हणजे खालच्या पायरीचं पदक. माझं स्पष्ट मत: तो वरिष्ठांना तोंडावर बोलायचा, म्हणून त्याला डावललं. ही चूक आजही दुरुस्त करता येते आणि केली पाहिजे.

निवृत्त_सुभेदार:
असहमत. मी पायदळात चोवीस वर्षं काढली आहेत, म्हणून लिहितो. पदक इतिहासकाराच्या वाक्यावर मिळत नाही, शिफारशीवर मिळतं. शिफारस लिहायला साक्षीदार लागतात, आणि ते त्या क्षणी त्याच बाजूला बघत असावे लागतात. पोझिएरला त्या पहाटे सगळी सरमिसळ झाली होती. कोण कुणाला बघणार?

दुसरं. ब्रिगेडचा हात आखडता होता असं म्हणाल तर तेही टिकत नाही. जॅकाची बटालियन ज्या चौथ्या ब्रिगेडमध्ये होती, तिच्यातल्याच १६ व्या बटालियनच्या मार्टिन ओ'मेराला ९ ते १२ ऑगस्टच्या कामगिरीसाठी, म्हणजे जॅकाच्या झुंजीनंतर दोनच दिवसांनी सुरू झालेल्या कामगिरीसाठी, व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. तो साधा शिपाई होता आणि त्याने तोफांच्या माऱ्यातून पुन्हा पुन्हा जाऊन जखमी उचलून आणले. म्हणजे देणारे देत होते.

तिसरं. व्हिक्टोरिया क्रॉस दोनदा मिळालेले लोक सगळ्या इतिहासात तीन. पहिल्या महायुद्धापर्यंतचे दोघे, मार्टिन-लीक आणि चव्हास, दोन्ही डॉक्टर. तिसरा न्यूझीलंडचा अपहॅम, दुसऱ्या महायुद्धातला. दुसऱ्यांदा देताना हात जड होतोच. त्यात कुणाचा आकस शोधायची गरज नाही.

उंबरठा:
सुभेदारसाहेब, ओ'मेराचा दाखला चोख आहे, मला सुचला नव्हता. पण तो माझ्याच बाजूने जातो असं मला वाटतं. त्याच ब्रिगेडमध्ये, त्याच आठवड्यात साक्षीदार मिळाले, कागद झाले, वर पोचले. मग चाळीस सुटलेले कैदी आणि पन्नास पकडलेले जर्मन असताना साक्षीदार नव्हते हे कसं मान्य करू? ते चाळीस जण डोळ्यांदेखत उभे होते की.

वाचनवेडा:
तुम्ही दोघंही पोझिएरवर अडकलात. मला फ्रान्समधलीच बुलेकूरची लढाई जास्त महत्त्वाची वाटते, आणि त्यावर कुणी बोलतच नाही.

एप्रिल १९१७. जॅका बटालियनचा इंटेलिजन्स ऑफिसर. ८ तारखेच्या रात्री दोन फळ्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत जाऊन शत्रूच्या तारा पाहून आला, आणि हल्ल्याच्या रांगांसाठी फिती अंथरताना दोन जर्मन एकट्याने पकडून आणले. त्याबद्दल मिलिटरी क्रॉसवर बार, म्हणजे तेच पदक दुसऱ्यांदा, मिळाला. पण खरी गोष्ट ११ तारखेची. जनरल गफ यांच्या पाचव्या आर्मीने ठरवलं की तोफांचा नेहमीचा मारा करायचा नाही, रणगाडे तारा तुडवतील. आदल्या दिवशी रणगाडे वेळेवर पोचलेच नाहीत, माणसं बर्फात पडून राहिली आणि परत आली. तरी दुसऱ्या दिवशी तोच बेत. रणगाडे बंद पडले, जळाले, कित्येक तर तारांपर्यंत आलेच नाहीत. पायदळ न तुटलेल्या तारांवर गेलं. चौथ्या ब्रिगेडचे तीन हजार माणसांपैकी २,३३९ कामी आले, जखमी झाले किंवा पकडले गेले. हजाराहून जास्त ऑस्ट्रेलियन कैद झाले.

जॅकाने रणगाड्यांच्या कामगिरीवर कडक शब्दांत अहवाल दिला. माझ्या मते त्याच्या शौर्यातला हा सर्वांत अवघड भाग. संगीन घेऊन उडी मारताना विचार करायला वेळ नसतो. अहवाल लिहिताना मात्र आपण कुणाच्या डोळ्यावर येणार हे पक्कं ठाऊक असतं. पण अशा कामाला पदक देणारी फौज जगात कुठेच नाही, म्हणून दुसऱ्या क्रॉसची मागणी मला मूळ मुद्दा सोडून केल्यासारखी वाटते.

तळेगावकर:
मी जरा वेगळं बोलतो, राग मानू नका. १९ मेच्या त्या हल्ल्यात साधारण ४२,००० तुर्क आले आणि सुमारे ३,००० मेले. २४ मेला दोन्ही बाजूंना लढाई थांबवून प्रेतं पुरावी लागली. कोर्टनीज पोस्टच्या खंदकातली ती सात माणसंही अनातोलियातल्या कुठल्या तरी खेड्यातली, जॅकासारखीच मजुरी करणारी पोरं असतील, आणि लढत होती स्वतःच्या मुलखात. कुणी किती मारले यावर पदकांची उतरंड लावायची आणि शंभर वर्षांनी त्यावर भांडायचं, हे मला झेपत नाही. ओ'मेराने माणसं वाचवली. त्याचं पदक मला जॅकाच्या तिन्ही पदकांपेक्षा मोठं वाटतं.

निवृत्त_सुभेदार:
तळेगावकर, राग नाही, पण उत्तर देतो. पोझिएरला जॅकानेही चाळीस माणसं वाचवलीच. आपले यशवंत घाडगे घ्या, तेही व्हिक्टोरिया क्रॉसवाले. पाचवी मराठा, जुलै १९४४, इटलीत टायबरच्या खोऱ्यात. सेक्शनची माणसं मशीनगनने लोळवलेली. नाईक घाडगे एकटे धावले, ग्रेनेड टाकला, मॅगझीन बदलायला वेळ नव्हता म्हणून टॉमीगनच्या दस्त्याने शेवटच्या दोघांना मारलं, आणि नंतर लपलेल्या नेमबाजाने त्यांना टिपलं. माणगावला त्यांचा पुतळा आहे, कधी गेलात तर दोन मिनिटं थांबा. ती मशीनगन चालू राहिली असती तर मागून येणारी पोरं मेली असती. पायदळात मारणं आणि वाचवणं असे दोन वेगळे डबे नसतात. शिपाई समोरच्याचा द्वेष करत नाही, बाजूच्यासाठी धावतो.

मेघना_मेलबर्न:
मी मेलबर्नमधल्या सेंट किल्डाजवळच राहते. तिथल्या दफनभूमीत जॅकाची कबर आहे. मला या धाग्यात त्याचं नंतरचं आयुष्य दिसत नाही, म्हणून लिहितेय.

मे १९१८ मध्ये व्हिलर-ब्रेतोन्यूजवळ त्याला विषारी वायू लागला. त्यानंतर तो परत आघाडीवर गेला नाही. घरी परतल्यावर विजेच्या सामानाच्या आयातीचा भागीदारीत धंदा काढला, तो १९३० च्या मंदीत बुडाला. त्याच वर्षी तो सेंट किल्डाचा महापौर झाला. स्वतःचा धंदा गेलेला माणूस महापौर म्हणून बेकारांसाठी धावपळ करत होता. डिसेंबर १९३१ मध्ये कौन्सिलच्या बैठकीनंतर कोसळला, १७ जानेवारी १९३२ ला मूत्रपिंडाच्या विकाराने गेला. वय ३९. हजारो लोक दर्शनाला आले, आणि शवपेटी खांद्यावर घेणारे आठही जण व्हिक्टोरिया क्रॉसवाले होते.

आणखी एक. सक्तीच्या भरतीवर जनमत घेतलं गेलं तेव्हा त्याच्या वडिलांनी, नॅथॅनियल यांनी, सक्तीविरुद्ध जाहीर भूमिका घेतली. मुलगा देशाचा सर्वांत गाजलेला शिपाई असताना! परखडपणा घरातूनच आला होता.

नव्याने पदक द्यायला मात्र माझा विरोध आहे. टेडी शीन या ऑस्ट्रेलियन नाविकाला २०२० मध्ये मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस दिला ते योग्यच, कारण त्याला १९४२ च्या कामगिरीसाठी एकही शौर्यपदक मिळालं नव्हतं. जॅकाची १९१६ ची फाइल आज उघडून त्या अधिकाऱ्यांच्या मनात काय होतं हे कोण ठरवणार?

उंबरठा:
मेघनाताई, शीन आणि जॅका यांच्यातला फरक मान्य. वाचनवेडा यांचं बुलेकूरबद्दलचंही पटलं, मी ते प्रकरण फारच हलकं धरलं होतं. पण एक गोष्ट अजून सलते. मार्च १९१७ मध्ये तो कॅप्टन झाला, आणि शेवटपर्यंत कॅप्टनच राहिला. सप्टेंबरात बेल्जियममधल्या पॉलिगॉन वुडच्या लढाईत त्याने पुढे राहून अख्खी बटालियन चालवली, बाहेरचे लोक त्या बटालियनला 'जॅकाची टोळी' म्हणायचे, तरी मेजरचा हुद्दा आला नाही. पदकाला साक्षीदार लागतात हे एक वेळ मानतो, सुभेदारसाहेब. बढतीला कसले साक्षीदार लागत होते?

निवृत्त_सुभेदार:
याला माझ्याकडे उत्तर नाही. बढतीला साहेबाची मर्जी लागते, तेव्हाही लागायची. तेवढ्यापुरता मी तुमच्या बाजूला.