सिंचन प्रकल्पाचं लाभ-व्यय गुणोत्तर : एकच आकडा पुरे का?

कालवाकाठ : सिंचन प्रकल्पाला मान्यतेसाठी गुणोत्तर (वर्षाचा लाभ भागिले वर्षाचा खर्च) १.५ लागतं, अवर्षणप्रवण भागात १ चालतं. एकच आकडा छापणं थांबवा, असं माझं मत. समजा खर्च १,००० कोटी. १० टक्के व्याज, १ टक्का घसारा, म्हणजे वर्षाला ११० कोटी (देखभाल तूर्त सोडली). लाभ १६५ कोटी. नेमका १.५! खर्च ३० टक्के चढला, लाभ २० टक्के घटला की ०.९२. माँटे कार्लो पद्धतीने (खर्च, लाभ, उशीर यांचे आकडे ठरवलेल्या मर्यादांत हजारो वेळा बदलून हिशेब करणं) गुणोत्तर १ च्या खाली जाण्याची शक्यता काढणं सक्तीचं करा.

हिशेबनीस : विरोध. भूसंपादनाला 'किमान ३, कमाल ६ वर्षं' हे टेबलावर बसून ठरवलं, तर निघालेली '२३.४ टक्के' शक्यताही अंदाजच. शिवाय बहुतेक जण सगळे घटक स्वतंत्र धरतात. मग एक चढतो, दुसरा उतरतो आणि निकाल मध्यावर गोळा होतो. प्रत्यक्षात भूसंपादन रखडलं की नवी दरसूची लागते, व्याज चढतं, पाणीही लांबतं.

कालवाकाठ : सहसंबंध घालता येतात. उशीर आणि खर्च बरोबर वाढतात. पाऊस कमी झाला की उत्पादन घटतं, पण भाव चढतो. हे न घालणं ही करणाऱ्याची चूक.

धरणमाथा : वार्षिक पद्धतीत उशिराला जागाच नाही, मूळ दुखणं ते. पैसा वेळेवर खर्च झाला आणि पाणी ५ वर्षं उशिरा आलं, तर १० टक्के दराने लाभाचं मूल्य ६२ टक्केच उरतं. १.५ चं ०.९३. आधी वर्षवार खर्च-लाभ मांडा. गोसीखुर्द प्रकल्पाचा खर्च बघा : १९८३ मध्ये ३७२ कोटी, २०१६ पर्यंत १८ हजार कोटींच्या वर.

हिशेबनीस : तो आकडा तसाच वापरू नका. ७ टक्के महागाईने ३३ वर्षांत साधारण ९ पट होतात, इथे जवळपास ५० पट झाले. म्हणजे खरी वाढ पाच पटींहून जास्त. मोजायची ती हीच. प्रत्येक सुप्रमातून (वाढीव खर्चाची सुधारित प्रशासकीय मान्यता) महागाई वगळून वाढ काढा आणि नव्या अंदाजपत्रकात तेवढी भर घाला. ब्रिटनचं अर्थखातं असंच करतं, साध्या स्थापत्य कामांना ४४ टक्क्यांपर्यंत.

कालवाकाठ : मग टेबलावरच्या अंदाजाऐवजी खरं वितरण (किती प्रकल्पांत किती वाढ झाली) सुप्रमांतच आहे की! वाढी चढत्या क्रमाने लावा. सरासरी नको, ८० टक्के प्रकल्प ज्याच्या आत राहिले तो आकडा घ्या.

हिशेबनीस : चालेल, पण रखडलेले प्रकल्पही यादीत हवेत. फक्त पूर्ण झालेले घेतलेत तर सर्वांत बिघडलेली कामं मोजणीबाहेर राहतात.